ट्रिगरवरचं बोट

अंगठा ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिचं फक्त वरचं पेर गेलं तर ९, आणि हाड शाबूत राहून नुसतं टोक उडालं तर ५. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७.

हा हिशेब १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टातला आहे. कामावर असताना शरीराचा अमुक भाग गेला, तर माणसाची कमावण्याची क्षमता किती टक्क्यांनी घटली असं धरायचं, त्याचा हा तक्ता. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो फार निर्दयी वाटला. आता तसं वाटत नाही. निदान कुणीतरी बसून विचार केला, की तर्जनी गेली तर माणसाचं काय जातं.

मी हा तक्ता शोधला तो माझ्या आतेभावामुळे. उमरेडला घराच्या अंगणात तो कूलरसाठी लाकडी स्टँड बनवत होता. चार इंची ग्राइंडरला त्यानं लाकूड कापायचं दातेरी पातं लावलं होतं, गार्ड काढलेला होता. पातं फळीत अडकलं, मशीन उसळलं आणि डाव्या तर्जनीचं वरचं पेर गेलं. तक्त्याप्रमाणे ९ टक्के. पण तो कुणाच्या नोकरीवर नव्हता. काम घरचं, मशीन स्वतःचं, अंगण स्वतःचं. त्यामुळे टक्के शून्य.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी आम्हाला वर्कशॉप होतं. तिथे बूट नसले तर आत घेत नसत. आणि घरी मात्र माझ्या आजूबाजूच्या प्रत्येक माणसाला मी स्लीपर घालून, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून ग्राइंडर चालवताना पाहत मोठा झालो. एकच माणूस, एकच मशीन, फक्त फाटक ओलांडलं की नियम बदलतात. हे असं कसं झालं, ते शोधत गेलो तर गोष्ट बरीच मागे गेली.

उमरेड हे विणकरांचं गाव. नागपूरपासून पंचेचाळीसेक किलोमीटर. इथल्या कोष्ट्यांची रेशीमकाठी धोतरं आणि उपरणी इंग्रजांच्या जुन्या गॅझेटिअरमध्येही नोंदलेली आहेत. हातमाग, रंधा, करवत, गिरमिट, सामता ही सगळी हत्यारं माणसाच्या ताकदीवर चालतात. त्यांनीही लागतं, रक्त येतं, पण त्यांचा एक गुण असतो: हाताला लागलं की हात थांबतो आणि हात थांबला की हत्यार थांबतं. सुरक्षा वेगळी बसवावी लागत नाही, ती त्यातच असते.

१ जानेवारी १८७७ ला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं तोच हा दिवस. तिथे वाफेवर फिरणारे शाफ्ट होते, पट्टे होते, आणि कुणाचा हात सापडला म्हणून ते थांबत नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत तर हे आधीपासून चालू होतं. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा आला. तो लहान मुलांच्या कामाच्या तासांसाठी ओळखला जातो, पण धोकादायक यंत्रांना कुंपण घाला हे कलमही त्यात होतं. लागू मात्र फक्त शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना. हा आकडा लक्षात ठेवा. या सगळ्या इतिहासात कायदा नेहमी माणसं मोजूनच आत येतो.

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांचं निवेदन तयार झालं. रविवारची सुट्टी हे त्यांचं श्रेय आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. एम्प्रेस मिलनं १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. सरकारी कायद्याला त्यासाठी १९२३ साल उजाडलं. लोखंडे १८९७ सालीच गेले होते.

आता मशीनकडे वळू.

विजेवर चालणाऱ्या ड्रिलचं पहिलं पेटंट १८८९ चं, मेलबर्नमधल्या आर्नोट आणि ब्रेन या दोघांच्या नावावर. ते होतं खडक आणि कोळसा पोखरण्यासाठी. (कोळशाच्या गावातल्या माणसाला हे वाचून उगाच बरं वाटतं.) हातात धरता येईल असं ड्रिल १८९५ साली जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं काढलं. ते चालवायला दोन्ही हात आणि छाती लागायची. खरा बदल केला बाल्टिमोरच्या ब्लॅक अँड डेकरनं. १९१४ साली त्यांनी अर्ज केला आणि १९१७ साली पेटंट मिळालं, ते पिस्तुलासारख्या मुठीचं आणि तर्जनीखाली येणाऱ्या ट्रिगरचं. आज तुमच्या घरात ड्रिल असेल तर त्याचा आकार तोच आहे. शंभर वर्षांत बदलला नाही, कारण तो खरंच उत्तम आहे. मूठ आवळली की चालू, सोडली की बंद. हातमागाचा तो जुना गुण त्यांनी मोटरमध्ये परत आणला होता, असं म्हणता येईल.

पण त्यात एक मेख होती आणि ती दिसायला काही दशकं गेली.

ड्रिलची बॉडी तेव्हा धातूची असायची. आतली वायर घासून बॉडीला टेकली, की तुम्ही मुठीत धरलेली वस्तूच जिवंत वायर होते. कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलेला चार्ल्स डॅल्झिएल नावाचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात तांब्याची तार देऊन, करंट थोडा थोडा वाढवत, एकच प्रश्न विचारला: माणूस स्वतःहून तार सोडू शकतो तो शेवटचा आकडा कोणता? पुरुषांमध्ये सरासरी १६ मिलिअँपिअर, स्त्रियांमध्ये साडेदहा. त्याच्या वर गेलं की हाताचे स्नायू आखडतात, आणि बोटं मिटवणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा ताकदवान असल्यानं मूठ आणखी आवळली जाते. म्हणजे ज्या ट्रिगरवर ‘सोडलं की बंद’ ही सगळी सुरक्षा उभी होती, तोच ट्रिगर शॉक बसल्यावर सोडता येत नाही.

आता आपल्या घराचा आकडा बघा. २३० व्होल्ट. ओल्या, घामेजल्या हातापायांचा रोध साधारण हजार ओहम धरला तर शरीरातून २३० मिलिअँपिअर जातील. मीटरशेजारी बसवलेला एमसीबी असतो ६, १०, १६ अँपिअरचा. त्याच्या दृष्टीनं २३० मिलिअँपिअर म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही, एखादा लहान पंखा चालू झाल्यासारखं. एमसीबी वायरिंग वाचवण्यासाठी आहे, माणूस वाचवण्यासाठी नाही. मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं, त्यांतल्या इंजिनिअर झालेल्या मित्रांनाही हे नवं होतं.

यावर उपाय दोन दिशांनी आला. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत १९५० च्या दशकात हेन्री रुबिन यांनी गळतीचा करंट ओळखून पुरवठा तोडणारं उपकरण केलं. अमेरिकेत डॅल्झिएल यांनीच १९६१ च्या सुमारास पाच मिलिअँपिअरवर तुटणारं सर्किट बनवलं. तत्त्व सोपं आहे: फेजमधून जितका करंट गेला तितका न्यूट्रलमधून परत यायला हवा. कमी आला तर मधला कुठेतरी जमिनीत चाललाय, बहुधा माणसातून. मग लगेच बंद. आपल्याकडे हेच ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी म्हणून मिळतं. जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. दुसरा उपाय ड्रिलमध्येच झाला: बॉडी प्लास्टिकची आणि आत इन्सुलेशनचे दोन थर. तुमच्या ड्रिलच्या प्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते याचं. अशा मशीनला दोनच पिना असतात आणि ते बरोबर असतं. मात्र जिथे तीन पिना आहेत तिथे जाड पीन कापून टाकणं, किंवा प्लगच काढून सोललेल्या वायरी आगपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचणं, हे म्हणजे डॅल्झिएल यांचा प्रयोग स्वयंसेवक म्हणून पुन्हा करणं. फक्त करंट कमी करणारा प्राध्यापक समोर नसतो.

आमच्या विदर्भात यात एक खास पात्र आहे: कूलर. लोखंडी टपाचा, पाण्यानं भरलेला, ओल्या फरशीवर उभा. मे महिन्यात कूलरचा शॉक लागून माणसं मरतात हे नागपूरकडच्या प्रत्येकानं ऐकलेलं आहे, महावितरण दर उन्हाळ्यात त्याबद्दल सूचना काढतं. कूलरचा पंप जुना झाला की थोडी गळती सुरू होते आणि आरसीसीबी वारंवार पडायला लागतो. ४५ अंशाच्या दुपारी घरातलं सगळं बंद. मग वायरमनला बोलावतात. तो म्हणतो, ‘हे डब्बंच खराब आहे, काढून टाकू.’ पंप तसाच राहतो आणि आरसीसीबी जातो. मग दिवाळीत त्याच घरात ड्रिल लावून पडद्याचे रॉड बसवतात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांत गळतीवर तुटणारं उपकरण सक्तीचं केलं होतं, पण मूळ नियमात पाच किलोवॉटपेक्षा कमी भाराच्या घरांना सूट होती. १८८१ साली शंभर माणसं, २०१० साली पाच किलोवॉट. उमरेडमध्ये किती घरांचा भार तेव्हा पाच किलोवॉट असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

हत्यारं कारखान्यातून घरात कशी आली, त्याची अमेरिकेतली कथा मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कारखान्यांतले कामगार ड्रिल घरी नेऊ लागले, ती परत येईनात. ब्लॅक अँड डेकरच्या लक्षात आलं की हे चोरीचं प्रकरण नाही, ही बाजारपेठ आहे. १९४६ साली त्यांनी खास घरासाठी ड्रिलची मालिका काढली. आपल्याकडे बराच काळ पॉवर टूल म्हणजे मुलुंडच्या राल्लीवुल्फचं ड्रिल, तेही फॅब्रिकेशनवाल्याकडे किंवा सरकारी वर्कशॉपमध्ये. सत्तरच्या दशकात कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळसारख्या ठिकाणी कुलकर्णी पॉवर टूल्स उभी राहिली. तरीही घरात यायला ही यंत्रं महागच होती. ती घराघरांत आली माझ्या पिढीत, मोबाइलवरून ऑर्डर करून. खोक्यात इंग्रजीतलं बारीक अक्षरांचं पुस्तक असतं. ते कुणी वाचत नाही. खोकं मात्र जपून ठेवतात.

उमरेडला वेकोलिची खुली कोळसा खाण आहे. खाणीत कामाला लागणाऱ्या माणसाला आधी प्रशिक्षण द्यावं लागतं, त्यासाठी १९६६ पासून वेगळे नियमच आहेत. आमच्या शेजारचे एक काका खाणीत फिटर होते. मशीन उघडण्याआधी वीज तोडायची, कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात ठेवायची, हे ते मला लहानपणी गोष्टीसारखं सांगायचे. तेच काका निवृत्तीनंतर घरी ग्राइंडरची डिस्क बदलताना प्लग काढत नसत. मी एकदा म्हटलं, ‘काका, प्लग?’ तर म्हणाले, ‘अरे, हे कोनतं मोठं मशीन आहे?’

मोठं मशीन आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतो. डिस्कचा व्यास १० सेंटिमीटर धरला तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. चाळीस किलोमीटरवर चालणाऱ्या स्कूटीसाठी आपण हेल्मेट घालतो. राळेनं बांधलेल्या कटिंग डिस्कवर बहुधा ८० मीटर प्रतिसेकंद अशी मर्यादा छापलेली असते, त्यामुळे योग्य डिस्क लावली तर हिशेब जमतो. पण मोठा पाइप कापायचा म्हणून गार्ड काढून त्याच मशीनला सात इंची डिस्क लावली, तर तिची कड १०० मीटरच्या पुढे जाते. ती डिस्क फुटणार हे नशिबावर नाही, छापलेल्या आकड्यावर अवलंबून आहे. डिस्कच्या मधल्या धातूच्या रिंगवर मुदतीची तारीखही असते. गोळ्यांच्या पाकिटावर बघतो तशी ती बघावी. ओलसर जागी पडलेली, पडून टवका गेलेली डिस्क लावूच नये. नवी लावली की अर्धा-एक मिनिट मोकळी फिरू द्यावी आणि आपण तिच्या रेषेत उभं राहू नये.

हा कोनी ग्राइंडर जर्मनीत १९५४ साली फ्लेक्स कंपनीनं आणला. तिथे लोक आजही मशीनलाच ‘फ्लेक्स’ म्हणतात, जसं आपण फोटोकॉपीला झेरॉक्स. तो बनला लोखंड घासायला आणि कापायला. दगडी डिस्क लोखंडाला खरवडते, झिजते. दातेरी पातं मात्र लाकडात दात रोवतं. लाकडाचा चीर आकसला की दात अडकतात, आणि मोटरची सगळी ताकद पात्याऐवजी मशीनला उलटं फेकते. वर्तुळाकार करवतीला यासाठीच झाकण, बैठक आणि पुरेशी मोठी मूठ असते. ग्राइंडरला यातलं काही नसतं. आतेभावाला हे ठाऊक होतं का? थोडंफार होतं. पण गार्डबद्दल विचारलं तर त्याचं उत्तर साधं होतं: ‘गार्ड लावला तं दिसत नाई न बे काई.’ आणि हे खोटं नाही. गार्ड लावून खरंच नीट दिसत नाही, कोपऱ्यात शिरता येत नाही. सुरक्षेवर लिहिणारे लोक बहुतेकदा ही गोष्ट कबूल करत नाहीत, म्हणून त्यांचं कुणी ऐकत नाही. गार्डमुळे काम हळू होतं. ते हळूच करायचं असतं.

हातमोज्यांचंही तसंच. ‘ग्लोव्हज घाला’ असं सरसकट सांगितलं जातं. ड्रिलच्या फिरत्या बिटजवळ सैल हातमोजा घातला तर बिट आधी कापड पकडतं आणि मग हात आत ओढतं. ओढणी, लुंगीचा सोगा, मोकळे केस, गळ्यातला गमछा, सगळ्यांचं हेच. डोळ्यांना मात्र चष्मा हवाच, आणि उन्हाचा गॉगल हा चष्मा नव्हे, बाजूंनी बंद असलेला हवा. ग्राइंडरवर आणखी एक बटण असतं, चालू स्थितीत अडकवून ठेवायचं. ज्या ‘सोडलं की बंद’साठी १९१७ चं पेटंट महत्त्वाचं, तेच हे बटण रद्द करतं.

घरात शिरलेल्या यंत्रामागे कायदा गेल्याचं आपल्याकडे एक उदाहरण आहे, आणि ते शेतीतलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराच्याही आधी बेळगावात कडबा कापायचं यंत्र बनवलं होतं. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. कडबाकुट्टी गोठ्यात आली, पुढे तिला मोटर लागली. हरितक्रांतीनंतर मळणीयंत्रं आली, विशेषतः उत्तरेकडे गव्हासाठी. पेंढी आत ढकलताना हात ड्रममध्ये जाण्याचे प्रकार इतके झाले, की १९८३ साली संसदेनं धोकादायक यंत्रं नियमन कायदा केला. त्यानं चालवणाऱ्याला ‘जपून चालव’ एवढंच सांगितलं नाही, बनवणाऱ्याला धरलं. पेंढी सरकवायचं तोंड इतकं लांब आणि वरून झाकलेलं हवं, की हात ड्रमपर्यंत पोचूच नये. दिल्ली आयआयटीत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडबाकुट्टीवर काम केलं. तिथे जखमींमध्ये मुलं बरीच असायची, खेळता खेळता चाक फिरवणारी. त्यांनी सुचवलेले उपाय फार साधे होते, जसं की काम नसताना पातं अडकवून ठेवणारी खीळ. मुलांना ‘खेळू नका’ सांगण्यापेक्षा खीळ स्वस्त आणि जास्त भरवशाची.

मला स्वतःला हा विचार पटतो, कदाचित माझ्या कामामुळे. युजरनं चूक करू नये म्हणून सूचना लिहिणं हा आमच्याकडे सगळ्यात हलका उपाय समजतात. ओरेगनमधल्या स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये बोट लागताच काही मिलिसेकंदांत थांबणारी टेबल करवत तयार केली, प्रात्यक्षिकाला सॉसेज लावून. ती महाग आहे, आपल्या अंगणात यायला वेळ आहे. आरसीसीबी मात्र आज मिळतो, त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, आणि महिन्यातून एकदा ते दाबलं की तो पडायला हवा. पडला नाही तर ती नुसती भिंतीवरची पेटी आहे. उमरेडच्या आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यात तो बसवला आणि कूलरचा पंप बदलला. वायरमन म्हणाला, ‘सतत पडंल, मंग मले फोन नका करू.’ अजून केलेला नाही.

आतेभावाच्या ग्राइंडरचा गार्ड हरवला होता. सुटा मिळतो का, म्हणून गावातल्या मशीन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आतून एक पुठ्ठ्याचं खोकं आणून काउंटरवर ठेवलं. लोकांनी दुरुस्तीला आणलेल्या मशीनचे, ‘परत लावू नका’ म्हणून तिथेच सोडून गेलेले गार्ड. वीस-पंचवीस तरी होते, काही अगदी कोरे, कारखान्यातलं तेलही न पुसलेले.

‘पाहून घ्या कोनता बसते,’ तो म्हणाला. ‘याचे पैसे नाई घेत मी.’